शाळा आणि पाऊस एकाच आठवड्यात: लहान मुलांच्या घरासाठी जूनची तयारी, कोल्हापूरच्या हिशेबाने

विदर्भ सोडला तर महाराष्ट्रातल्या शाळा साधारण १५ जूनला उघडतात. कोल्हापुरात पाऊसही त्याच सुमाराला येतो, आणि कधी कधी आधीच येतो. २०२५ साली तर मे महिन्यातच तो कोसळायला लागला होता. ज्या आठवड्यात पोराला दोन महिन्यांनी परत सकाळी उठून गणवेश घालायचा असतो, त्याच आठवड्यात तो गणवेश वाळायचा बंद होतो. बाहेरगावच्या ‘शाळेची तयारी’च्या याद्या इथे अर्ध्याच उपयोगी पडतात, त्या याचमुळे. आपल्याकडे कामांचा क्रम महत्त्वाचा. उन्हाची कामं आधी, झोपेचं वेळापत्रक त्याच्याबरोबर, खरेदी त्यानंतर. बहुतेक घरांत हे उलटं होतं: खरेदी आधी आणि झोप १४ जूनच्या रात्री.

खाली दिलेलं सगळं बालवाडी ते तिसरीच्या, म्हणजे साधारण ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

ऊन आहे तोवर उरकायची कामं

मेचा शेवटचा आठवडा यासाठी राखून ठेवा. गाद्या, उशा, गोधड्या यांना दोन दिवस कडक ऊन दाखवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. दप्तर आणि रेनकोट मात्र कपाटावरून थेट शाळेच्या आदल्या दिवशीच खाली येतात, आणि तेव्हा त्यांना बुरशी आलेली असते.

दप्तर रिकामं करून उलटं झटका. तळाला खोडरबराचा चुरा, पेन्सिलीची टोकं आणि मार्चमधला बिस्किटाचा भुगा हमखास निघतो, आणि त्याला मुंग्या लागतात. कोमट पाण्यात दोन चमचे कपड्याची पावडर टाकून २० मिनिटं भिजवा आणि मऊ ब्रशने बाहेरून घासा. आतल्या बाजूला पाणी अडवणारा पातळ थर असतो. तिथे ब्रश लावला की त्याचे पापुद्रे निघतात आणि पावसात वह्या भिजतात, म्हणून आतून फक्त ओलं फडकं फिरवा. सगळ्या चेन उघड्या ठेवून उलटं टांगा. चेन अडकत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासा. धावकच (चेन ओढायचा भाग) ढिला झाला असेल तर पक्कडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. तेवढ्याने बहुतेक चेन आणखी एक वर्ष चालतात.

रेनकोटवर काळे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन स्पंजने पुसा आणि सावलीत वाळवा. रेनकोट उन्हात टाकू नका, प्लास्टिक कडक होऊन घड्यांवर फाटतं. मग त्याची परीक्षा घ्या: आत वर्तमानपत्र घालून खांद्यावर आणि टोपीच्या शिवणीवर तांब्याभर पाणी ओता. कागद भिजला तर शिवण गळते आहे. हे पहिल्या पावसात शाळेच्या फाटकाशी कळण्यापेक्षा मोरीत कळलेलं बरं.

तिसरं काम विसरलं जातं, ते कूलरचं. नुसतं पाणी काढून तो कोपऱ्यात ठेवू नका. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर, टाकीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. टाकी तारेच्या घासणीने घासा, कोरडी करा, गवताच्या जाळ्या टाकून द्या आणि मग झाकून ठेवा. गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर, फुटक्या बादल्यांचाही त्याच दिवशी निकाल लावा.

झोप: १६ दिवसांचं काम

सुट्टीत रात्री रंकाळ्यावर फेरी, भेळ, घरी यायला साडेदहा, मग चुलत-मावस भावंडांचा दंगा, आणि सकाळी साडेआठला उठणं. हे चूक नाही, सुट्टी त्यासाठीच असते. पण शरीराचं घड्याळ एका रात्रीत दोन तास मागे येत नाही.

३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून चोवीस तासांत १० ते १३ तास, आणि ६ वर्षांपुढच्याला ९ ते १२ तास झोप लागते. उठायची वेळ ठरली की त्यावरून झोपायची वेळ मागे मोजा. राज्य सरकारने २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं आहे. पण तुमच्यासाठी खरी वेळ ९ ही नव्हे, रिक्षा दारात येण्याची आहे. ती सव्वाआठची असेल तर असा हिशेब होतो: उठून भानावर यायला १५ मिनिटं, दूध आणि शौच २५, आंघोळ १०, कपडे आणि केस १०, खाणं २०, मोजे-बूट-रेनकोट १०. झाले ९० मिनिटं. म्हणजे पावणेसातला उठणं आलं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला साडेआठ ते पावणेनऊच्या दरम्यान झोप लागलेली असायला हवी.

साडेआठवरून पावणेसातवर यायचं तर दर दोन दिवसांनी १५ मिनिटं मागे सरका. सात टप्पे, १४ दिवस आणि वर दोन दिवस मोकळे. म्हणून सुरुवात ३० मेच्या आसपास.

१. आधी उठायची वेळ सरकवा, झोपायची नाही. झोप न आलेल्या मुलाला नऊ वाजता अंथरुणात कोंबलं की ते तासभर तळमळतं आणि अंथरूण म्हणजे भांडणाची जागा होऊन बसते. सकाळी लवकर उठलेलं मूल रात्री आपोआप पेंगतं.

२. उठल्यावर अर्ध्या तासात गॅलरीत, अंगणात, गच्चीवर न्या. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की घड्याळ लवकर सरकतं. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो.

३. दुपारची झोप एक तासाच्या आत आणि साडेतीनपूर्वी संपलेली असू दे. पाच वर्षांपुढच्या मुलाची हळूहळू बंदच करा.

४. मुलांचं जेवण साडेसातपर्यंत. टीव्ही आणि मोबाईल झोपण्याआधी तासभर बंद, आणि हे घरातल्या सगळ्यांना लागू.

सगळं बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे आजोळ. मुलं १३-१४ जूनला परत येतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा. परतीची तारीख ८ ते १० जूनच्या पुढे जाऊ देऊ नका, आजी कितीही आग्रह करू दे. नाहीच जमलं तर उठायची वेळ तिथेच सरकवायला मामीला सांगा. दुसरं ठिकाण बापाच्या परतीची वेळ. दुकान बंद करून वडील नऊ-साडेनऊला येतात, गाडीचा आवाज झाला की पेंगणारं पोर टक्क जागं होतं आणि पुढे तासभर गोंधळ चालतो. यावर एकच उपाय चालतो: वडिलांचा वेळ सकाळी लावायचा. आंघोळ, केस विंचरणं आणि रिक्षापर्यंत सोडणं वडिलांकडे दिलं की मुलाला भेटीचा वेळ मिळतो आणि आईचा डबाही शांतपणे होतो.

याच पंधरवड्यात शौचाची वेळ बसवायची. कोमट दूध किंवा पाणी प्यायल्यावर १५-२० मिनिटांत आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा रोज त्याच वेळी पाच-दहा मिनिटं बसवा, पायाखाली पाट किंवा स्टूल द्या. ही सवय नसलेली मुलं शाळेतल्या संडासात जायला लाजून दाबून धरतात. महिनाभरात बद्धकोष्ठ, पोटदुखी, आणि ‘शाळेत जायचं म्हटलं की याचं पोट दुखतं’ अशी तक्रार. ते नाटक नसतं, पोट खरंच दुखत असतं.

खरेदी

महाद्वार रोड, राजारामपुरी, लक्ष्मीपुरीत शाळेआधीच्या शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते आणि चार ते सहा वर्षांची मापं आधी संपतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मधल्या वारी सकाळी अकराला जा, मूल बरोबर घेऊन. शाळेची यादी आधी मागून घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, ती विकत आणायची घाई करू नका.

*गणवेश.* बाहेर दोन जोड पुरतात, इथे नाही. तीन शर्ट आणि तीन चड्ड्या किंवा स्कर्ट धरा, कारण कमरेची दुहेरी पट्टी आणि खिसे वाळायला पावसात दीड-दोन दिवस लागतात. तिन्ही जोडांचे पैसे नसतील तर एक शर्ट कमी करा, चड्डी कमी करू नका. कापड निवडायची मुभा असेल तर टेरिकॉट घ्या, ते सुतीपेक्षा लवकर वाळतं. खांदा बरोबर बसायला हवा, वाढीची जागा लांबीत ठेवायची. शिंप्याला खाली आतून दोन इंच दुमड सोडायला सांगा, दिवाळीनंतर ती उसवता येते. कमरेला हुकाऐवजी इलॅस्टिक. पाच वर्षांच्या मुलाला घाईची लागल्यावर हुक काढता येत नाही आणि मग चड्डी ओली होते. नवीन गणवेश पहिल्या दिवसाआधी एकदा वेगळा धुवा: खळ निघते, अंगाला टोचत नाही, आणि रंग जातो का तेही कळतं.

*बूट.* हे मात्र वेगळ्या फेरीत, संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. मोजे घालून, उभं राहून माप. पुढे एक ते दीड सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीपेक्षा कमी जागा. ‘पुढच्या वर्षीही चालतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेतले की मूल जिन्यात पडतं. सहा वर्षांपर्यंत नाडी नको, वेल्क्रो घ्या. शिवाय बाईंना विचारून पावसाळ्यापुरती मागे पट्टा असलेली रबरी सँडल घ्या. गमबूट दिसायला छान, पण वरून पाणी शिरलं की दिवसभर पाय त्यातच. आणि पापाची तिकटीवरून आणलेली हौसेची कोल्हापुरी चप्पल दिवाळीपर्यंत कागदात गुंडाळून वर ठेवा. भिजलेलं चामडं फुगतं, ओल्या फरशीवर घसरतं आणि बुरशीने जातं.

*दप्तर.* केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात बालवाडीला दप्तरच नाही. पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो. मोटामोटी मुलाच्या वजनाच्या दहा टक्के. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटलीच अर्धा किलोच्या वर जाते, म्हणून शाळेत पिण्याच्या पाण्याची चांगली सोय असेल तर ३५० मिलीची बाटली द्या. रिकामं दप्तर ५०० ग्रॅमच्या आत हवं. चाकांची दप्तरं घेऊ नका, ती चिखलात चालत नाहीत आणि रिक्षात मावत नाहीत. पट्टे असे घट्ट करा की दप्तराचा तळ कमरेखाली लोंबणार नाही. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी कायमची घालून ठेवा आणि वह्या-पुस्तकं तिच्यातच. दप्तरावरच्या महागड्या खोळीपेक्षा ही पिशवी जास्त काम करते, कारण पाणी बहुतेक वेळा चेनमधून आणि पाठीकडून शिरतं.

*रेनकोट.* मागे दप्तर मावेल असा फुगवटा असलेला, गुडघ्याच्या थोडा खाली येणारा. घोट्यापर्यंतचा घेतला तर रिक्षात चढताना पायात येतो. पिवळा किंवा केशरी घ्या, गडद निळा आणि काळा धो-धो पावसात गाडीवाल्याला दिसत नाही. बटणं पुढून, मोठी, मुलाला स्वतः लावता येतील अशी. चारपाचदा घरी घालायला-काढायला लावा. तीस मुलांना बाई एकट्या रेनकोट चढवू शकत नाहीत. ओला रेनकोट ठेवायला एक वेगळी पिशवी रोज द्या. एकसारखे दहा पिवळे रेनकोट एका वर्गात असतात, म्हणून आतल्या बाजूला नाव लिहा. सगळ्याच वस्तूंवर नाव आतून लिहायचं. दप्तरावर बाहेर ठळक नाव असलं की अनोळखी माणूसही मुलाला नावाने हाक मारू शकतो.

पुस्तकांना खाकी कव्हर आणि त्यावर प्लास्टिक. नुसतं खाकी इथे जुलैपर्यंत टिकत नाही.

कागदपत्रांत एक गोष्ट राहून जाते. बाल आधार काढलेलं असेल तर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करावी लागते. जूनमध्ये आधार केंद्रांवर रांगा असतात, मेमध्येच उरका. आणि ५ ते ६ वर्षांचा धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा बूस्टर झाला का, ते लसीकरणाच्या कार्डावर बघा. तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. दंड दुखतो आणि ताप येऊ शकतो, म्हणून शाळेआधी आठवडाभर द्यावा.

ओले कपडे, ओले बूट

जून ते सप्टेंबर रोजचा खरा त्रास हाच. कपड्याला कुबट वास येतो तो ओलीमुळे नाही. ओल जास्त वेळ राहिली की त्यात जंतू वाढतात, त्यांचा तो वास. म्हणजे सगळी धडपड कापड कमीत कमी वेळ ओलं ठेवण्याची.

मूल घरी आलं की गणवेश टोपलीत टाकू नका. लगेच धुवा, निदान दोरीवर पसरून ठेवा. साबण थोडा कमी घ्या, कापडात उरलेला साबण ओल धरून ठेवतो. शेवटच्या पाण्यानंतर मशीनमध्ये फक्त पिळण्याचं चक्र आणखी एकदा फिरवा, यानेच अर्धं काम होतं. मशीन नसेल तर कपडा कोरड्या जाड टॉवेलात गुंडाळी करून दाबून पिळा. मग उलटा करून, खिसे बाहेर काढून, चड्डी कमरेकडून उघडी राहील अशी दोन चिमट्यांनी टांगा. दोन कपड्यांत वीतभर अंतर. वर पंखा, आणि खिडकी बोटभर उघडी. खोली गच्च बंद केली तर हवेतली ओल आतच राहते आणि पंखा तीच ओली हवा फिरवत बसतो. स्वयंपाकघरात टांगू नका, फोडणीचा वास गणवेशातून जात नाही.

सकाळी नव्वद टक्के वाळलेला असेल तर आतून, फक्त कमरपट्टी, खिसे आणि शिवणींवर इस्त्री. चिंब ओल्या टेरिकॉटवर कडक इस्त्री फिरवली तर कापड चकाकायला लागतं आणि ती चकाकी धुऊनही जात नाही. इस्त्री झाल्यावर पाच मिनिटं मोकळं टांगून वाफ जाऊ द्या, मगच घाला.

वास लागलाच असेल तर अर्धी बादली गरम पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून ३० मिनिटं भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकदम घालू नका, दोन्ही एकमेकांना मारतात. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू होतो. मुलांच्या कपाटात डांबरगोळ्याही नकोत: त्या गोळीसारख्या दिसतात, लहान मूल तोंडात घालतं, आणि काही मुलांच्या रक्ताला त्या फार घातक ठरतात. वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा.

बुटांतला आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे गच्च भरा, दोन तासांनी बदला, मग आडवे करून पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा चुलीच्या भानुशीवर ठेवले की तळ चिकटवणारा गोंद सुटतो आणि आठवड्यात बूट ‘तोंड उघडतो’. सकाळी घालण्याआधी बूट उलटा करून आपटायची सवय मुलालाच लावा. पावसात विंचू, गोम आडोसा शोधत येतात, आणि हे फक्त मळ्यातल्या घरापुरतं नाही.

मोजे सहा जोड. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचकीत कोरड्या फडक्याने पुसा. चिखल्या तिथेच होतात, आणि झाल्यावरच्या मलमापेक्षा हे अर्ध्या मिनिटाचं पुसणं सोपं आहे.

डबा

छोट्या सुट्टीत लहान मुलाला खायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली तीन डबा उघडण्यात जातात. म्हणून पदार्थाआधी डब्याची परीक्षा: मुलाला स्वतः उघडता आणि बंद करता येतो का? चार बाजूंनी कट्ट वाजणारी झाकणं दिसायला पक्की, पण चार वर्षांच्या बोटांना जड. साधा फिरकीचा किंवा एकाच कडीचा स्टीलचा डबा घ्या, शाळेआधी आठवडाभर घरचा खाऊ त्यातच द्या.

चार-पाच वर्षांच्या मुलाला पाऊण चपाती आणि दोन चमचे सुकी भाजी पुरते. मोठा डबा भरून दिला की तो उरतो, उरला की घरी बोलणी, आणि बोलणी नकोत म्हणून डबा कचऱ्यात. चपातीची गुंडाळी करून तीन तुकडे करा. भाजीत कांदा-लसूण मसाला पडण्याआधी मुलाची वाटी बाजूला काढा. आपली सवयीची भाजी पाण्याचा घोट घेत घरी खाल्ली जाते, शाळेत नाही. मऊ धपाटं, थालीपीठ, उप्पीट, तूप-गुळाची चपाती, तांदळाचं घावन, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणा कूट आणि गुळाचा लाडू हे सगळं चालतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका: हसता-बोलता श्वासनलिकेत अडकतात.

पावसाळ्यात ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात, शिळा भात डब्यात नको. गरम चपाती भरून लगेच झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन चपाती चिकट होते, पाच मिनिटं ताटात पसरून मग भरा. पाणी खळखळ उकळून गार केलेलं, बाटली रोज ब्रशने घासून. नळी असलेल्या बाटलीची नळी काळी पडते आणि आतून धुता येत नाही, साध्या तोंडाची बरी.

पहिला पंधरवडा

बालवाडीत किंवा पहिलीत नव्याने जाणाऱ्या मुलाला अक्षरं येण्यापेक्षा चार गोष्टी यायला हव्यात: चड्डी काढ-घाल, शू-शी झाल्यावर पाणी घेणं आणि हात धुणं, डबा-बाटली उघडणं, आणि हवं ते मागणं. इंग्रजी माध्यमात घालणार असाल तर ‘मे आय गो टु टॉयलेट’ हे एक वाक्य पाठ करून घ्या, बाकी इंग्रजी नंतर. बाईंना आधीच भेटून विचारा की मुलाने मराठीत सांगितलं तर चालेल ना. घरी भारतीय पद्धतीचा संडास आणि शाळेत कमोड, किंवा उलट असेल तर एकदा दाखवून आणा.

रडणार, हे धरून चाला. सोडताना ठरलेला एकच निरोप: एक पापा, ‘डबा खाऊन झाला, गोष्ट झाली की मी येते’, आणि मागे फिरायचं. ‘चार वाजता येते’ हे त्याला कळत नाही, ‘गोष्ट झाल्यावर’ कळतं. नजर चुकवून पळून जाऊ नका. त्या दिवशी सुटका होते, पण दुसऱ्या दिवसापासून मूल घरातही पदर सोडत नाही. खिडकीतून डोकावत अर्धा तास उभं राहणं त्याहून वाईट, तुम्ही दिसलात की रडं नव्याने सुरू. आणायला मात्र पहिले पंधरा दिवस दहा मिनिटं आधी पोचा. साधारण दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलं रुळतात, सोमवारी पुन्हा थोडं मागे जातात. महिन्यानंतरही रोज उलटी, अंथरुणात शू, रात्री दचकून उठणं असेल तर शाळेत काय चाललंय ते बाईंशी बसून शांतपणे बोला.

रडतंय म्हणून मधे घरी ठेवायचा मोह होतो. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आता दंड नाही, पण एक दिवस बुडवला की रडण्याचे चार दिवस वाढतात, ही वसुली त्याहून कडक. २६ जूनला शाहू जयंती पहिल्या पंधरवड्यातच येते. शाळेतल्या कार्यक्रमासाठी फेटा किंवा पोशाख लागणार का ते २० तारखेलाच विचारा.

शाळेतून आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ विचारू नका. हातपाय धुणं, खाणं, आणि अर्धा तास काहीही न विचारणं. मग ‘शेजारी कोण बसलं होतं?’ असं उत्तर देता येईल असं विचारा.

जाणं-येणं

रिक्षा ठरवताना पैशांआधी चार गोष्टी बघा: किती मुलं बसतात, चालकाशेजारी मूल बसवतात का (बसवत असतील तर दुसरी शोधा), उजव्या बाजूला आडवा गज आहे का, आणि पावसाचे पडदे दोन्ही बाजूंना धड आहेत का. दप्तरं बाहेर टांगली की भिजतातच, शिवाय वळणावर दुसऱ्या गाडीत अडकतात. रिक्षावाल्या मामांचा मोबाईल क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि बरोबरच्या दोन मुलांच्या घरचे क्रमांक फ्रिजवर लिहून लावा. ‘मामा बदलून दुसरं कुणी आलं तर गाडीत बसायचं नाही, बाईंकडे परत जायचं’ हे मुलाला दहादा सांगा.

दुचाकीवर चार वर्षांपुढच्या मुलाला हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी मोठ्या माणसाला बांधायचा सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. पुढे टाकीवर उभं केलेलं पोर ब्रेक लागला की थेट हँडलवर आदळतं. पावसात मागे बसून छत्री उघडायची पद्धत सर्रास दिसते, ती बंद करा: वाऱ्याच्या झोताने छत्री फिरते आणि मागचा माणूस मुलासकट खाली येतो. रेनकोटचं टोक, ओढणी, पदर मांडीखाली खोचून मगच गाडी हलवा.

ताप आणि पूर

शाळा सुरू झाल्यावरचे पहिले दोन महिने सर्दी-ताप-जुलाबाचे असतात. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच शाळेत पाठवा, सकाळी सिरप पाजून पाठवलेलं मूल अकराला परत तापतं. तापाला डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. जुलाबाला ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम मिसळा. थोडी पावडर पेल्यात टाकून केलेलं पाणी जास्त खारट झालं तर उलट अपाय होतो. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. लघवी सहा-आठ तास झाली नाही, मूल मलूल पडलं, किंवा पाणी पोटात ठरत नाही, तर घरी वाट बघू नका. उवा जुलैत येतातच: लोशन लावल्यावर ७ ते १० दिवसांनी पुन्हा लावलं नाही तर लिखांतून नव्या निघतात. घरातल्या सगळ्यांचं डोकं त्याच दिवशी तपासा.

पुराचं नियोजन जूनमध्येच करायचं, जुलैच्या शेवटी नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. सुतारवाडा, दुधाळी, बापट कॅम्प, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, आणि प्रयाग चिखली, आंबेवाडी इथल्या घरांना हे सांगायला नको. पण घर उंचावर असलं तरी रस्ता बंद होतो: शिवाजी पुलापलीकडून किंवा गगनबावडा रस्त्याने, मांडुकलीच्या बाजूने शहरात येणाऱ्या मुलांसाठी हा प्रश्न दर वर्षीचा आहे. पातळी ३५ च्या पुढे सरकायला लागली आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीपलीकडच्या मुलाला शाळेत पाठवायचं की नाही हे सकाळीच ठरवा. सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, पण तो निरोप रिक्षा निघाल्यावरही येऊ शकतो.

शाळेच्या बाजूचं एक घर आधीच ठरवून ठेवा, नातेवाईक किंवा वर्गमित्राचं, जिथे मूल एक-दोन रात्री राहू शकेल. त्या घरचं नाव आणि क्रमांक बाईंना लेखी द्या, नाहीतर त्या मुलाला सोडणार नाहीत, आणि न सोडणंच बरोबर. मूल तिथे आधी एकदा झोपून आलेलं असलं पाहिजे, तेही पाऊस नसलेल्या रात्री. दप्तराच्या आतल्या कप्प्यात घट्ट बांधलेल्या पिशवीत एक जोड कपडे, एक चड्डी, आणि चालू औषध असेल तर त्याचं नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी ठेवा. दर पंधरा दिवसांनी ती पिशवी उघडून कपड्यांचा वास घ्या, आणि बदला.